पहिलं व्यंगचित्र छापून येईपर्यंत: नव्या व्यंगचित्रकारांसाठी

हात चांगला आहे, माणूस ओळखू येईल इतपत चेहरा जमतो, वहीत बरीच चित्रं साठली आहेत. पण ती पेपरात किंवा दिवाळी अंकात पोहोचवायची कशी, हे सहसा कुणी सांगत नाही. संपादकांना शिकवायला वेळ नसतो आणि जुनी मंडळी भेटली तर भेटली. वर्षानुवर्षं हे काम करताना मला जे तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, ते इथे क्रमाने मांडतो आहे.

आधी एक भीती काढून टाका. या कामाला कुठलाही दाखला लागत नाही. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. वसंत सरवटे व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी मराठीतली इतकी उत्तम चित्रं काढली. शि. द. फडणीस मात्र जे. जे. मध्येच शिकले. म्हणजे वाट कुठलीही चालते.

दुसरी गोष्ट पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं मूळ आहे. पेपर वाचणारा माणूस तुमच्या चित्राला दोन-तीन सेकंद देतो. कागद हलका, जागा एक-दोन कॉलमांची, शेजारी मोठ्या मथळ्याची बातमी. एवढ्यात त्याला सगळं समजलं पाहिजे. चित्र काढताना कुठेही अडलात तर या वाचकाचा विचार करा, उत्तर सापडतं.

१. प्रकार आधी ठरवा

‘मी कार्टून काढतो’ एवढ्यावर संपादकाला काही बोध होत नाही. तुम्ही यातलं काय काढता ते सांगता आलं पाहिजे:

- पॉकेट कार्टून: एक कॉलम, एक प्रसंग, खाली एक वाक्य. ताज्या बातमीवर, रोज. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून याच छोट्या जागेतून देश बघत होता.
- मोठं राजकीय व्यंगचित्र: यात चित्राची रचना आणि राजकारणाची समज, दोन्ही लागतं. १९६० साली सुरू झालेल्या ‘मार्मिक’मधली बाळासाहेब ठाकरे यांची चित्रं जरूर बघा. गर्दीचं चित्रसुद्धा नजरेला कुठून कुठे नेतं, ते त्यात शिकायला मिळतं.
- हास्यचित्र: बातमीशी संबंध नसलेला, घरातला, रस्त्यावरचा विनोद. दिवाळी अंकांचा मुख्य खुराक हाच.
- शब्दविरहित चित्र: सगळ्यात अवघड. फडणीसांची चित्रं मराठी न येणाऱ्या माणसालाही हसवतात, कारण त्यात समजावून सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं.
- चित्रमालिका: ठरलेली पात्रं, ठरलेल्या चौकटी, रोज नवा प्रसंग.
- अर्कचित्र: चेहऱ्याच्या वैशिष्ट्यांची अतिशयोक्ती. लेखाबरोबर किंवा राजकीय चित्राचा भाग म्हणून लागतं.

माझा सल्ला असा, की सुरुवात हास्यचित्रापासून करा. पॉकेट कार्टून दुसऱ्या दिवशी शिळं होतं, त्यामुळे बाहेरून पाठवणाऱ्या नवख्याला तिथे जागा मिळणं कठीण. हास्यचित्र सहा महिन्यांनीही ताजंच असतं.

२. साहित्य

फार काही लागत नाही:

- एचबी आणि २बी पेन्सिल, मऊ खोडरबर, स्टीलची पट्टी
- जाडसर कार्ट्रिज पेपर (पातळ कागदावर शाई फुटते)
- वॉटरप्रूफ काळी इंडिया इंक
- टाक आणि दोन-तीन प्रकारच्या निब, २ किंवा ३ नंबरचा गोल ब्रश. सवय नसेल तर वॉटरप्रूफ शाईची ०.४ आणि ०.८ची पेनं
- दुरुस्तीसाठी पोस्टर व्हाइट
- कच्चं चित्र चांगल्या कागदावर गिरवण्यासाठी काचेखाली दिवा लावून केलेला लाइट बॉक्स
- स्कॅनर, किंवा जवळच्या झेरॉक्सवाल्याकडचा स्कॅनर

टॅबलेटवर काढत असाल तर ‘क्रिता’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पण पहिले काही महिने तरी कागदावर काढा, असं मी आग्रहाने सांगेन. स्क्रीनवर चित्र हवं तेवढं मोठं करून बघता येतं, आणि मग छापल्यावर न दिसणाऱ्या तपशिलात दिवस जातो.

३. कल्पना शोधायची रीत

इथेच बहुतेक जण अडतात. कल्पना ‘सुचते’ असं समजून लोक वाट बघत बसतात. तिला शोधायला बसावं लागतं.

मी वहीचं पान उभं दुमडतो. डाव्या बाजूला त्या दिवसात लोकांच्या बोलण्यात असलेले विषय: पाणीकपात, परीक्षेचा निकाल, खड्डे, निवडणूक, कांद्याचा भाव. उजव्या बाजूला रोजच्या जगण्यातल्या जागा आणि प्रसंग: लग्न जुळवणं, सलून, बँकेची रांग, नवा फ्लॅट बघायला जाणं, लोकलचा डबा, सत्यनारायण. मग डावीकडचा एक विषय उजवीकडच्या प्रत्येक जागेत नेऊन ठेवायचा आणि तिथली माणसं त्यावर काय करतील ते बघायचं.

समजा, पाणीकपात आणि फ्लॅट बघायला जाणं ही जोडी घेतली. बिल्डरचा माणूस नवरा-बायकोला खिडकीतून काहीतरी कौतुकाने दाखवतो आहे. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा. प्रसंग मिळाला. आता वाक्य. पहिल्यांदा कागदावर जे येतं ते साधारण असं असतं:

“आमच्या या प्रकल्पात पाण्याची थोडी अडचण आहे, पण टँकर आला की तो प्रत्येक घरातून लगेच दिसेल अशी सोय केली आहे.”

यात सगळं सांगून टाकलंय, म्हणून हसू येत नाही. पाण्याची अडचण टँकरच्या चित्रातून कळते, ती वाक्यात कशाला? काढून टाका.

“प्रत्येक घरातून टँकर दिसेल अशी सोय केली आहे.”

बरं आहे, पण हा माणूस बिल्डरचा आहे, तो असं बोलत नाही. त्याच्या तोंडी त्याची जाहिरातीची भाषा द्या.

“सगळे फ्लॅट टँकर-फेसिंग आहेत, साहेब.”

आता आवाज सापडला. शेवटची दुरुस्ती शब्दांच्या क्रमाची. ज्या शब्दावर हसू फुटायचं तो शेवटी यावा लागतो, आणि मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येऊन बसतं. मग ते ‘आहेत’ गाळून टाकायचं आणि ‘साहेब’ पुढे आणायचं:

“साहेब, सगळे फ्लॅट टँकर-फेसिंग!”

वाक्य मोठ्याने वाचून बघा. व्यंगचित्रातलं वाक्य बोललं जातं, लिहिलेलं वाटता कामा नये. नागपूरचा माणूस असेल तर त्याच्या तोंडी पुण्याचं वाक्य घालू नका, आणि कुणाची बोली हाच विनोद करू नका. बोलीमुळे पात्र खरं व्हावं.

सापळे तीन आहेत. चित्रात जे दिसतं तेच वाक्यात पुन्हा सांगणं हा पहिला. मोबाइलवर फिरणाऱ्या विनोदाला चित्र जोडणं हा दुसरा. तो विनोद वाचकाने तुमच्याआधी वाचलेला असतो आणि संपादकानेही. तिसरा म्हणजे लेबलं. भ्रष्टाचार लिहिलेला राक्षस, महागाई लिहिलेला साप, जनता लिहिलेला हडकुळा माणूस. लेबल काढून टाकलं आणि चित्र कळेनासं झालं, तर चित्र अजून तयार नाही असं समजा.

४. कच्चं चित्र

काडेपेटीएवढ्या चौकटीत तीन-चार मांडण्या करून बघा. एवढ्या आकारात प्रसंग कळला तर तो छापल्यावरही कळणार. नुसत्या काळ्या आकृत्या भरल्या तरी कोण काय करतंय ते समजावं.

आधी बोलणारा माणूस डावीकडे, उत्तर देणारा उजवीकडे. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे हे उलट झालं तर वाचक उत्तर आधी वाचतो आणि विनोद मरतो. एकाच माणसाचं तोंड उघडं ठेवा, म्हणजे वाक्य कुणाचं ते शोधावं लागत नाही.

पार्श्वभूमीत काय ठेवायचं हे मारिओ मिरांडा आणि सरवटे यांच्याकडे बघून शिकावं. मारिओंच्या गोव्यातल्या चित्रांत कुत्री, कावळे, खिडकीतल्या बायका, सगळा गाव असतो, पण नजर जिथे जायला हवी तिथेच जाते. ती गर्दी जमेपर्यंत मात्र हात आखडता घ्या. दवाखाना दाखवायला भिंतीवरचा एक तक्ता आणि स्टेथोस्कोप पुरतो.

५. फुगे आणि अक्षर

फुगा म्हणजे पात्राचं बोलणं लिहायची गोल चौकट. या पायरीवर जरा थांबा. चित्रकलेच्या परदेशी पुस्तकांत याचं उत्तर मिळत नाही, कारण ती रोमन लिपीसाठी लिहिलेली असतात. इंग्रजी कॉमिक्समधली अक्षरं सगळी कॅपिटल, एका उंचीची. ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी चालतं. देवनागरीत शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीतला ‘कू’ आणि खालच्या ओळीतला ‘र्की’ एकमेकांत घुसतात. म्हणून दोन ओळींत मोकळी जागा जास्त लागते, आणि तेवढ्याच मजकुराला फुगा उंच होतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा:

आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा, आणि उरलेल्या जागेत माणसं बसवा. बहुतेक नवखे याच्या उलट करतात आणि शेवटी अक्षरं कोपऱ्यात चेंगरतात.

पेन्सिलीने शिरोरेघांच्या ओळी आखून घ्या. शिरोरेघ सरळ असेल तर साधं अक्षरही नीटनेटकं दिसतं. एका ओळीत तीन-चार शब्दांपेक्षा जास्त नको. शब्द तोडू नका. ‘अध्यक्षपदासाठी’सारखा लांब शब्द फुग्यात बसत नसेल तर वाक्यच बदला. छापल्यानंतर तुमचं अक्षर शेजारच्या बातमीच्या अक्षरापेक्षा लहान होता कामा नये.

संगणकावर अक्षरं टाकणार असाल तर एक मोठा धोका आहे. अनेक ठिकाणी अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरात आहेत. तुमची फाइल तिथे उघडली की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या जागा सोडतात आणि तसंच छापलं जातं. फाइल पाठवण्याआधी अक्षरांचं रूपांतर आकारांत करून टाका, म्हणजे फॉन्टचा प्रश्न उरत नाही. मला विचाराल तर हाताने लिहा. हाताचं अक्षर रेषेच्याच जातीचं असतं.

शुद्धलेखन दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या. बातमीतली चूक मुद्रितशोधक पकडतात, चित्रातली सहसा तशीच छापली जाते.

६. शाई, स्कॅन, फाइल

छापायच्या आकाराच्या दीडपट किंवा दुप्पट काढा. साध्या पेपरात एक कॉलम सुमारे ४ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे मूळ चित्र ८ सेंटिमीटर. दुप्पट आकारात काढलेली रेषा छापताना अर्ध्या जाडीची होते, म्हणून ०.१ची पेनं पेपरच्या कामाला निरुपयोगी. दुसरीकडे, वृत्तपत्राचा कागद शाई पितो आणि पसरवतो. दाट आडव्याउभ्या रेषांनी छाया दिली तर तिथे काळा डाग उमटतो. छाया मोकळ्या रेषांनी द्या किंवा सरळ काळं भरा.

शाई वाळल्यावर पेन्सिल खोडा. घाई केली तर रेषा पुसट होते.

काळंपांढरं चित्र छापायच्या आकारात ६०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके) पडेल असं स्कॅन करा, रंगीत ३००. मूळ चित्र दुप्पट असेल तर ३०० डीपीआयचा स्कॅन छापताना आपोआप ६००चा होतो. रंगीत फाइल सीएमवायके (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळी, काळी या चार शायांच्या) पद्धतीत द्या आणि काळी रेषा व अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शाया मिसळून केलेला काळा रंग छपाईत केसभर सरकला तरी अक्षराला रंगीत सावली येते.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून चित्र पाठवू नका, ते आकसतं. ईमेल करा, किंवा डॉक्युमेंट म्हणून जोडा.

७. चित्रमालिका करायची असेल तर

‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही जोडी त्यामागे होती, आणि पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, सतीशदादा, जोशीकाकू ही सगळी गल्लीच वाचकांच्या घरची झाली. हे नीट बघा: चिंटूचे विनोद चिंटूच्या स्वभावातून येतात. पात्राचा स्वभाव पक्का असेल तर प्रसंग मिळत जातात. नुसते विनोद घेऊन त्यांना पात्रं चिकटवली तर महिनाभरात विहीर आटते.

संपादकाकडे जाण्याआधी तयार ठेवा:

- प्रत्येक पात्राचा तक्ता: समोरून, बाजूने, मागून, हसताना, रागावलेलं, आणि सगळी पात्रं उंचीने शेजारी उभी
- पात्रांच्या स्वभावाबद्दल दोन-तीन ओळी
- निदान महिनाभर पुरतील इतक्या पूर्ण पट्ट्या (पट्टी म्हणजे एका दिवसाच्या चौकटींची ओळ), आणि त्याहून दुप्पट लिहिलेल्या कल्पना

रोजची मालिका म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर पट्ट्या. ताप आला, घरी लग्न निघालं, तरी उद्याची जागा रिकामी राहत नाही. साठा नसेल तर सुरू करू नका. पहिल्या पंधरा कल्पना सगळ्यांनाच जमतात. चाळिसाव्या कल्पनेपर्यंत पोहोचलात आणि पात्र अजून बोलत असेल तर मालिका खरी आहे.

८. पाठवायचं कुठे, कधी आणि कशाबरोबर

महाराष्ट्रात नव्या हास्यचित्रकाराचं पहिलं दार म्हणजे दिवाळी अंक. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची ही परंपरा, आणि व्यंगचित्रांना इतकी पानं देणारी दुसरी जागा मला माहीत नाही. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आवाज’ने खिडकीचित्रांचा वेगळा प्रकारच रुजवला: पानात कापलेल्या खिडकीतून एक दिसतं आणि पान उलटलं की भलतंच निघतं. ज्या अंकाला पाठवायचं त्याचे मागचे दोन-तीन अंक बघा. मोठ्या ग्रंथालयांत जुने दिवाळी अंक जपलेले असतात, तिथे एक दुपार घालवा आणि कुठला अंक कुठल्या जातीचा विनोद छापतो ते टिपून घ्या.

काम उन्हाळ्यात सुरू करा. जून-जुलैपर्यंत चित्रं संपादकाकडे गेलेली बरी. गणपतीनंतर पाठवलेलं चित्र बहुतेक वेळा उघडूनही बघितलं जात नाही, कारण तोवर पानं लागत आलेली असतात.

एका अंकाला आठ-दहा चित्रं पाठवा, एकच नको. सोबत:

- छोटं पत्र: नाव, पत्ता, फोन, चित्रांची यादी
- चित्रं स्वतःची आणि अप्रकाशित असल्याचं निवेदन
- प्रत्येक फाइलला तुमच्या नावाने सुरू होणारं नाव (‘कार्टून१’ नावाच्या फाइली संपादकाकडे ढिगाने असतात)
- मानधनासाठी बँकेचा तपशील आणि पॅन. हे चित्र स्वीकारल्यावर मागितलं की द्या

मानधन किती आणि कधी, हे स्वीकृती आली की लगेच, नम्रपणे, लेखी विचारा. त्यात संकोच नको. आणि एकच चित्र दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आलं तर दोन्ही दारं बंद होतात, आणि संपादक एकमेकांशी बोलतात. कुठलं चित्र कुठे, कधी गेलं याची वही ठेवा.

उत्तर आलं नाही तर महिन्याने एकदा विचारा, मग ती चित्रं दुसरीकडे द्या.

९. हक्क

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही स्वतःहून काढून पाठवलेल्या चित्राचा हक्क तुमचा असतो, नोंदणी केलेली नसली तरी. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. वर्तमानपत्राच्या नोकरीत असाल तर वेगळा करार नसल्यास नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचे हक्क तुमचे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पोर्ट्रेट काढलं तर मात्र, उलट करार नसल्यास, हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. समारंभांत अर्कचित्रं काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हक्क दुसऱ्याला देणं लेखीच व्हावं लागतं. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी बोला. पहिल्यांदा छापण्याचा हक्क द्या, पुस्तकाचा आणि इतर वापराचा तुमच्याकडे ठेवा.

१०. कुणावर हसायचं

२०१२ साली मुंबईत असीम त्रिवेदी यांना व्यंगचित्रांवरून अटक झाली आणि राजद्रोहाचं कलम लावलं गेलं; ते नंतर मागे घेतलं. बदनामीचा कायदा व्यंगचित्रालाही लागू आहे, आणि राजमुद्रा, राष्ट्रध्वज यांच्याबद्दल वेगळे कायदे आहेत. म्हणून राजकीय चित्राच्या मागची बातमी कापून ठेवा. माणूस जे करतो, बोलतो त्यावर चित्र काढा. केल्याची खात्री नसलेली गोष्ट त्याच्या नावावर टाकू नका.

कायद्याच्या पलीकडचीही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जात, रंग, अपंगत्व, जाड बायको, तोतरा माणूस यांवरचे विनोद आपल्या जुन्या अंकांत भरपूर आहेत. ते पुढे चालवू नका. ज्याच्या हातात सत्ता आहे, खुर्ची आहे, तिकीटखिडकी आहे, त्याच्याकडे बोट दाखवा.

११. मूळ चित्रं सांभाळा

मूळ चित्र कधीही पाठवू नका, स्कॅन पाठवा. प्रदर्शनासाठी द्यावंच लागलं तर पावती घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि कुठे छापलं ते लिहा, शाईने नको, ती पुढे उमटते. सेलोटेप लावू नका; काही वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. चित्रं आडवी, सपाट, मध्ये कोरा कागद घालून ठेवा, आणि पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडून वारा द्या. छापील अंकाची एक प्रतही त्याच्याबरोबर ठेवा. मूळ आणि छापील शेजारी ठेवून बघितलं की कुठली रेषा बुजली आणि कुठलं अक्षर लहान पडलं ते पुढच्या चित्राआधी कळतं.